पोह्यांवर आलेला आळ

गुपित ठेवायचं काम माझ्यावर सोपवा आणि निर्धास्त झोपा, असं मी दोन महिन्यांपूर्वीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आमची जिल्हा परिषदेची शाळा दोन शिक्षकांची. एक मी, दुसरी मोनाली. तिसरीतल्या कोणी कोणाच्या डब्यातला लाडू पळवला इथपासून मोनालीला पाहायला आलेल्या मुलाने स्वतःचं वय किती चोरलं इथपर्यंत सगळं माझ्या पोटात जमा. आणि नूतन मॅडमच्या पोटातून आजवर काही बाहेर आलेलं नाही, अशी माझी ख्याती.

तर मला दिवस गेले.

अमृत, म्हणजे माझा नवरा, धरणगावातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "या वेळी तीन महिने पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. धुळ्याला आईलाही नाही."

मला पटलं. मागच्या वर्षी आम्ही आठव्या आठवड्यातच सगळ्यांना सांगून बसलो होतो आणि दहाव्या आठवड्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही. मग पंधरा दिवस सांत्वनाला येणाऱ्यांना मीच चहा करत होते. त्यामुळे या वेळी तोंडाला कुलूप. पण तोंडाला कुलूप घालणं सोपं असतं ते पोट जागेवर असलेल्या माणसाला. माझं पोट सकाळी डोळे उघडायच्या आधी उठून बसायचं. तवा तापला की उलटी. शेजारच्यांचा साबण ओला झाला की उलटी. अमृतने केसांना तेल लावलं की दोनदा.

जळगावच्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "होतं असं. अंथरुणातून उठायच्या आधी काहीतरी कोरडं खा. पोट रिकामं ठेवू नका, दर दोन तासांनी थोडं थोडं. आल्याचा तुकडा चघळा. वास सहन होत नसेल तर लिंबू हुंगा. आणि ही गोळी."

मी शिक्षिका. पाठाचं टाचण काढल्याशिवाय वर्गात जात नाही. मी मळमळीचंही टाचण काढलं. उशाशी मुरमुऱ्यांचा डबा. मुलांच्या पेन्सिली ठेवायच्या पाउचमध्ये अर्धं लिंबू, आल्याचे तुकडे आणि उरलेल्या जागेत पुन्हा मुरमुरे. घरात फोडणीला पूर्ण बंदी. बिचारा अमृत तीन आठवडे बिनफोडणीचं वरण खात होता. जिनिंगमधल्या हमालांचे डबे उघडले की तो हिशेबाच्या निमित्ताने त्यांच्याजवळ जाऊन उभा राहतो, असं माझ्या कानावर आलं. पण योजना चालली. दोन आठवडे शाळेत कोणाला काही कळलं नाही. मोनालीने एकदा विचारलं, "तू सारखं लिंबू का हुंगतेस?" मी म्हटलं, "सर्दी." ती म्हणाली, "सर्दीत वास येतो का?" मी म्हटलं, "येतो का तेच बघतेय."

आणि मग प्रशिक्षणाचं पत्र आलं. तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या हॉलमध्ये पाच दिवस, बेचाळीस शिक्षक, उपस्थिती सक्तीची. नाश्ता आणि जेवण एका बचत गटाकडे. धुरपदाबाई आणि तिच्या चार जणी. त्यांच्या गटाला मिळालेलं हे पहिलंच मोठं काम. हॉलच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी चुली मांडल्या होत्या. धुरपदाबाई साठीच्या आतबाहेरची, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेली, आणि वाढताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघणारी. म्हणजे घास घेतल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते बघणारी.

पहिले दोन दिवस मी सहज काढले. खिडकीजवळची खुर्ची धरली, पाउच मांडीवर, दोन तासांनी मूठभर मुरमुरे. नाश्त्याचे पोहेसुद्धा पोटात राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अमृतला म्हटलं, "यापुढे कोणाला मळमळीचा त्रास झाला तर माझ्याकडे पाठव."

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मार्गदर्शक सरांनी टेबलं बाजूला सारायला लावली. हे सर नाशिकहून आले होते आणि फार उत्साही होते. त्यांनी 'शब्दांची आगगाडी' हा खेळ घेतला. तेरा जणांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून उभं राहायचं. इंजिनाने शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पहिल्या डब्याने दुसरा, आणि गाडी हॉलभर फिरवायची. इंजिन जिकडे जाईल तिकडे डब्यांनी जायचं, हात सुटले तर गट बाद. चिठ्ठ्या टाकल्या. इंजिन मी झाले. माझ्या मागे पहिला डबा कुंदन सर, दुसरा मोनाली.

लिंबू खुर्चीवर राहिलं. गाडी सुटली. मी "कमळ" म्हटलं, कुंदन सरांनी "ळ"वर आक्षेप घेतला, मी "कागद" म्हटलं, गाडी वळण घेऊन शेडच्या बाजूच्या खिडकीपाशी आली, आणि नेमक्या त्याच क्षणी धुरपदाबाईने दुपारच्या वांग्याच्या भाजीला फोडणी दिली.

शेंगदाण्याच्या कडकडीत तेलात लसूण आणि मिरची. तीन आठवड्यांची सगळी राहिलेली फोडणी एकदम नाकात शिरावी तसं झालं. मी तोंडावर हात दाबला आणि दाराकडे धावत सुटले.

माझ्या मागे बारा डबे धावत सुटले.

त्यांचा काही दोष नव्हता. इंजिन जिकडे जाईल तिकडे जायचं, हात सोडायचे नाहीत, हा नियम. मार्गदर्शक सर तर टाळ्या वाजवत "वा, वा, वर्गाबाहेरचं शिक्षण" म्हणत होते. मी हॉलमधून बाहेर, व्हरांड्यातून पायऱ्यांवरून खाली, आणि मागे झुकझुक करत धरणगाव तालुक्यातले बारा शिक्षक. सदाफुलीच्या वाफ्यापाशी मी थांबले आणि सकाळपासूनचं सगळं तिथे मोकळं केलं. माझ्या दोन्ही खांद्यांवर कुंदन सरांचे हात तसेच होते.

कुंदन सर मनाने हळवे. त्यांनी एकदा वाफ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या झेंडूच्या वाफ्यात तेही मोकळे झाले.

आमचे केंद्रप्रमुख रुपचंद सर धावत आले. माणूस सज्जन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि आपल्या केंद्रात काही विपरीत घडू नये म्हणून रोज देवाजवळ दिवा लावणारा. "मॅडम, काय झालं? काय खाल्लं?"

आजूबाजूला बारा चेहरे. मोनाली तर डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "पोहे... पोहे जरा..."

एवढंच बोलले. शपथेवर सांगते, त्या वाक्याचं क्रियापद मी दिलं नाही. ते बाकीच्यांनी दिलं.

"मला वाटलंच होतं," एक सर म्हणाले. "पोह्यांना वास होता."

"मला सकाळपासून कसंतरी होतंय," दुसऱ्या एक मॅडम म्हणाल्या. त्या सकाळपासून मागच्या ओळीत झोपलेल्या होत्या.

"दोघांना उलट्या झाल्या म्हणजे तेलातच काहीतरी असणार," तिसरे म्हणाले. "मी तीन प्लेट खाल्ल्या. माझं कसं होणार?" आणि ते सतरंजीवर आडवे झाले.

दहा मिनिटांत नऊ जण आडवे झाले. नऊ जण पाहून आणखी आठ. मोनाली म्हणाली, "माझ्या जिभेला मुंग्या येतायत." मी हळूच म्हटलं, "अगं, तुला काही झालेलं नाही." ती म्हणाली, "तुला कसं माहीत? तू डॉक्टर आहेस का?" रुपचंद सरांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. दरम्यान कोणीतरी सदाफुलीचा फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. पहिली गाडी येईपर्यंत ग्रुपवर पस्तीस श्रद्धांजलीचे हात जोडलेले होते आणि आकडा एकतीसवर गेला होता. फक्त अकरा जण धडधाकट उरले. त्यातले चार जण उपवासाला होते, बाकीचे सात बहुधा माझ्यासारखेच गोंधळलेले.

सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोघं, कुठे तिघं. साखर-मिठाच्या पाण्याच्या बादल्या भरल्या गेल्या. कुंदन सर आणि माझ्यामध्ये एक नुसता पडदा. सिस्टर माझ्याजवळ इंजेक्शन घेऊन आल्या. हे औषध मला चाललं नाही तर? मी त्यांचा हात धरला आणि कुजबुजले, "मला इंजेक्शन नको. मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय."

पडद्यापलीकडून कुंदन सर म्हणाले, "काय झालं मॅडम? जास्त गंभीर आहे का? मला सांगा, मलाही तेच होणार आहे."

डॉक्टर तरुण होते आणि एकतीस माणसांत एकटे होते. सिस्टरांनी नुसतं सलाइन लावलं आणि त्या पुढे गेल्या. मी पडून राहिले. थोड्या वेळाने सगळं निवळेल, लोक उठतील, घरी जातील, गुपित गुपित राहील, असा हिशेब मी करत होते. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आले आणि मी खिडकीतून पाहिलं.

बाकावर धुरपदाबाई बसली होती. तिच्या चार जणी मागे भिंतीला टेकून उभ्या, एक डोळ्यांना पदर लावून. समोर जमिनीवर पोह्यांचं पातेलं. त्याचं झाकण शाळेच्या चिकटपट्टीने बंद केलेलं आणि चिकटपट्टीवर रुपचंद सरांनी केंद्राचा शिक्का मारलेला.

"बाई, माझा नाइलाज आहे," सर म्हणत होते. "वरून फोन आलाय. गटाचं काम आजच्या आज थांबवायचं. आणि पोलिसांत तक्रार द्यायची म्हणतात."

धुरपदाबाई उठली, चिकटपट्टी टराटरा ओढली, झाकण काढलं आणि पातेल्यात हात घालत आपल्या अहिराणीत म्हणाली, "मन्हा पोह्यासले नाव ठेवतस? ल्या, देखा. मी खास. काय व्हस ते देखू."

आणि ती खाऊ लागली.

"बाई, नका खाऊ, तो पुरावा आहे," रुपचंद सर रडकुंडीला येऊन म्हणाले. तिने दुसरी मूठ घेतली. रागाने नाही, पोट भरायला बसल्यासारखी. पण तिचा घास गिळला जात नव्हता. लोकांचे चेहरे बघून वाढणारी ती बाई, आणि आता तिच्या चेहऱ्याकडे सगळा दवाखाना बघत होता.

मला पुन्हा मळमळलं. पण ही मळमळ लिंबाने जाणारी नव्हती.

मी खाटेवरून उतरले. एका हातात सलाइनची बाटली उंच धरली आणि व्हरांड्यात गेले. रुपचंद सरांच्या जवळ जाऊन शक्य तितक्या हळू म्हटलं, "सर, पोह्यांचा काही दोष नाही. मला दिवस गेलेत."

"दिवस सगळ्यांचेच गेले, मॅडम," सर कपाळ पुसत म्हणाले. "पाचपैकी तीन दिवस फुकट. आता पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावतात की काय कोणास ठाऊक."

"तसे दिवस नाहीत सर."

"मग कसले?"

"सर, ते दिवस."

"मॅडम, तुम्हाला ताप चढलाय का? पडून राहा बघू."

तेव्हा माझा संयम सुटला. जो आवाज मी चौथीच्या वर्गाला गप्प करायला वापरते, त्या आवाजात मी म्हटलं, "सर, मी गरोदर आहे. दहावा आठवडा चालू आहे. मला फोडणीच्या वासाने उलटी झाली. पोहे चांगले होते, मी दोनदा घेतले होते."

मग आतून मोनालीचा आवाज आला. "सर्दी म्हणे."

तरुण डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वॉर्डाकडे पाहिलं. "तुमचं कळलं. बाकीच्या तिसांचं काय?"

कुंदन सरांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. डॉक्टर त्यांच्याकडे वळले, तसे ते म्हणाले, "मला मॅडमना बघून झाली. माझा स्वभाव पहिल्यापासून असा आहे." एकेक जण बसता झाला. मागच्या ओळीतल्या मॅडमनी आपल्याला झोप कमी झाल्याचं सांगितलं. तीन प्लेटवाले सर म्हणाले की आता जरा हलकं वाटतंय, आणि मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "दुपारच्या जेवणाचं काय झालं?"

जेवण शेडमध्ये तसंच पडलं होतं. वरण, बट्ट्या आणि ती वांग्याची भाजी, जिच्या फोडणीने हे सगळं केलं. धुरपदाबाईच्या चार जणींनी रिक्षातून पातेली आणली आणि दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली पंगत मांडली. आधी कोणी ताट पुढे करेना. पहिलं ताट कुंदन सरांनी पुढे केलं, हे मी त्यांच्याविषयी कायम सांगत राहीन. मग हातावर सलाइनच्या पट्ट्या चिकटवलेले एकतीस रुग्ण तुपात बुडवून बट्ट्या चुरत बसले. डॉक्टरांनीसुद्धा दोन बट्ट्या घेतल्या. धुरपदाबाई वाढत होती आणि पुन्हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

मी भाजीपासून लांब, दुसऱ्या टोकाला बाकावर बसले होते. ती कोरडी बट्टी आणि चिमूटभर मीठ घेऊन माझ्यापाशी आली. मी म्हटलं, "अक्का, चुकलं माझं. मी सुरुवातीलाच बोलायला पाहिजे होतं."

ती बाजूला टेकली. "माले पह्यलाच दिनले समजनं व्हतं. तू लिंबू हुंगे, मुरमुरा खाये. माले चार पोरं व्हयनात, माय."

मला कळायला थोडा वेळ लागला. म्हणजे पातेल्यावर शिक्का मारला तेव्हा, कामावरून काढायला निघाले तेव्हा, पोलिसांचं नाव निघालं तेव्हा, एका वाक्यात सुटली असती ही बाई. "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"गोट तुनी शे," ती बट्टी मोडून माझ्या हातात देत म्हणाली. "तू सांगं नही, ते मी कसाले सांगू?"

माझी गोष्ट म्हणून तिने ती जपली होती. मी बट्टी तोंडात घातली. ती पोटात राहिली. डोळ्यांतलं मात्र राहिलं नाही.

तेवढ्यात अमृत आला, जिनिंगमधून तसाच, केसांत आणि मिश्यांत सरकी-कापूस, बर्फात सापडलेल्या माणसासारखा. त्याने ग्रुपवरचे जोडलेले हात पाहिले होते. मी धडधाकट आहे हे कळल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. मग त्याचं लक्ष वांग्याच्या भाजीकडे गेलं. तो माझ्याकडे न बघता उठला आणि पंगतीत जाऊन बसला. तीन आठवड्यांनी फोडणी मिळालेला माणूस कसा जेवतो ते त्या दिवशी धरणगावने पाहिलं.

धुळ्याहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना बातमी कोणत्या वाटेने पोचली देव जाणे. मला वाटलं, आता बोलणी बसणार, सगळ्या तालुक्यानंतर आपल्याला कळलं म्हणून.

"जेवण जातं का पोटात?" त्यांनी विचारलं.

"आज गेलं, आई."

"बरं." त्यांनीच पुढे विचारलं, "मागच्या वेळी मीच सगळीकडे सांगत सुटले होते. म्हणून नाही सांगितलंस ना?"

"तसं नाही आई..."

"तसंच आहे. बरोबर केलंस." मग नाक ओढल्याचा आवाज, आणि लगेच नेहमीचा सूर. "पण आता कळलंय सगळ्यांना. आता फोन ठेव, मला तासाभरात पुष्कळ फोन करायचेत."

धुरपदाबाईच्या गटाचं काम शाबूत राहिलं. उरलेले दोन दिवस तिने माझ्या मळमळीवर असा उपाय काढला की जळगावच्या डॉक्टरीणबाईंनीही ऐकून मान डोलावली. "फोडणी देवानी येळ व्हयनी का मी ताट वाजाडस. तू भायेर निंघी जाय," ती म्हणाली होती. शेडमधून पळीने ताट वाजलं की मी लिंबू घेऊन हॉलच्या पुढच्या अंगणात जायचे आणि वास विरला की परत यायचे. चौथ्या दिवशी एकटी गेले. शेवटच्या दिवशी ताट वाजलं की अर्धा हॉल माझ्याबरोबर बाहेर येऊन चहा पीत उभा. मार्गदर्शक सरांनी त्याला विरोध केला नाही. तेही चहा प्यायला येत होते.

हे सगळं इथे संपायला हवं होतं. पण झाल्या प्रकाराचा अहवाल वर पाठवायचा होता, तोही संगणकावर, आणि रुपचंद सरांची संगणकाशी ओळख शिक्षक दिनाच्या शुभेच्छांपुरती. प्रत्येक प्रश्नाला एकच रकाना. बाधितांची संख्या: एकतीस. पैकी पुरुष: एकोणीस. निदान काय झालं, हा पुढचा प्रश्न. सरांनी खूप विचार केला. माणूस सज्जन, खोटं लिहिणार नाही. त्यांनी लिहिलं, गर्भधारणा.

परवा वरून उत्तर आलं. सर्व एकतीस शिक्षकांनी आपापली अपेक्षित तारीख कळवावी, सोबत प्रसूती रजेचे कोरे अर्ज जोडले आहेत. मी माझा भरून दिला. कुंदन सरांनीही त्यांचा भरला असं मोनाली सांगते, पण मी स्वतः पाहिलेला नाही, त्यामुळे हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या.